गवताच्या दिशेचा ठराव

गवत कापायच्या यंत्रावर बसलेला माणूस रुबाबदार दिसू शकत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. थाट सगळा मोटारीचा असतो. बसायला गुबगुबीत खुर्ची, हातात स्टिअरिंग, पायाशी ब्रेक. पण वेग असा, की शेजारच्या वाटेवरून काठी टेकत चाललेल्या आजोबांनी आपल्याला मागे टाकावं आणि वर वळून हातही करावा. मला त्या आजोबांनी नऊ दिवस रोज हात केला. मीही केला. सभ्यता सोडून कसं चालेल?

मी यंत्रावर का बसलो, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल निवृत्त माणसाला उद्योग नव्हता. उद्योग नव्हता हे खरं, पण कारण ते नाही. आमची ही चार महिने घराबाहेर पडली नव्हती. आमच्या इमारतीच्या दारासमोर गुळगुळीत फरश्यांचा एक पट्टा आहे. त्या ओल्या असताना हिचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, हाड जुळलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, पाय ठणठणीत आहे, भीती तेवढी बसली आहे. मऊ जमिनीवर, गवतावर चालायला लागा, पडलात तरी लागणार नाही. हिने मान डोलावली आणि म्हणाली, "गवत कापलेलं असेल तर उतरेन खाली."

हे उत्तर तिने विषय मिटवण्यासाठी दिलं होतं. नकोशा पाहुण्याला आपण 'या की एकदा सवडीने' म्हणतो ना, तसं. कारण आमच्या वसाहतीच्या मधल्या मैदानातलं गवत तेव्हा गुडघाभर वाढलं होतं. माळी लेकीकडे राहायला निघून गेला होता आणि दुसरा मिळत नव्हता. पण मी पडलो कचेरीतला माणूस. एखाद्याने अट घातली, की ती पूर्ण करायची आणि कागद पुढे सरकवायचा, एवढंच मला कळतं.

त्यात नेमकी त्याच आठवड्यात वसाहतीची सभा झाली. अध्यक्षांनी सूचना मांडली, की गवताचा त्रास कायमचा संपवावा, मैदानावर फरश्या घालाव्यात आणि तिथे गाड्या लावाव्यात. आमच्या अध्यक्षांची गाडी लांबलचक आणि पांढरीशुभ्र आहे. ती कुठेही उभी केली तरी त्यांना ती अपुऱ्या जागेत उभी आहे असंच वाटतं. 'फरश्या' हा शब्द ऐकला आणि मला आमच्या दारासमोरचा पट्टा आठवला. मैदानावर फरश्या आल्या, की ही जन्मात खाली उतरणार नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गवत मी कापतो." शेवटी मला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. त्या मुदतीत सगळं मैदान कापून झालं नाही, तर फरश्या.

यंत्र मेहुण्याने आणलं, मुदतीतले पाच दिवस गेल्यावर. माझा मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आणि त्याचा प्रत्येक क्षेत्रात कोणी ना कोणी असतोच. एका बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावरचं ते यंत्र त्याने टेम्पोत घालून आणलं, चालू करून दाखवलं, "एकदम सोपं आहे भाऊजी" म्हणाला आणि गेला. सोबत माहितीपुस्तक होतं, पण त्याची पहिली दोन पानं आणि शेवटचं एक एवढीच शिल्लक होती. पहिल्या पानावर कंपनीने माझं अभिनंदन केलं होतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, गवत फेकण्याचं तोंड माणसं, खिडक्या आणि वाहनं यांच्याकडे कधीही करू नये. मग ते कुणाकडे करावं, हे मधल्या गहाळ पानांत असणार.

हे तोंड नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी शोभा त्यानेच केली. यंत्राच्या पोटाखाली पाती गरगर फिरतात आणि कापलेलं गवत उजव्या अंगाला असलेल्या रुंद तोंडातून बाहेर भिरकावलं जातं. तोंडावर एक झडप असते, ती फेक खाली दाबते. दुरुस्तीवाले या तोंडाला च्यूट म्हणतात. मी चौतीस वर्षं कचेरीच्या जावक विभागात काढली आहेत, त्यामुळे ते तोंड पाहताक्षणी मला ओळखीचं वाटलं. आत काय कापाकापी चालली आहे, याच्याशी जावकाचा संबंध नसतो. आलेलं बाहेर पाठवायचं. फरक एवढाच, की आम्ही आधी पत्ता बघायचो.

पहिल्या दिवशी मी भिंतीच्या कडेने निघालो आणि प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडे वळलो. तसं वळलं की तोंड बाहेरच्या बाजूला राहतं, आणि बाहेरच्या बाजूला लोक राहतात. तळमजल्यावरच्या वकीलबाईंचे कोर्टात घालायचे पांढरे कपडे वाळत होते, ते हिरवे झाले. मी त्यांच्याकडे वळून माफी मागत होतो, तेवढ्यात यंत्र अध्यक्षांच्या गाडीपाशी पोचलं. अध्यक्ष खाली आले. गाडीच्या दारावरचं ओलं गवत त्यांनी चिमटीने काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि परत गेले. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वकीलबाईंची तक्रार संध्याकाळी लेखी आली, सात कलमांची. भाषा निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. वर्षानुवर्षं ज्यांनी मला जिन्यात साधी ओळख दिली नव्हती, तेही थांबून थांबून यंत्राविषयी बोलू लागले. हळू चालवा, जोरात चालवा, गवत वाळल्यावर कापा, वाळायच्या आत कापा. त्यांत पहिल्या मजल्यावरचे इंजिनियर सर्वांत अधिकारवाणीने बोलत, कारण त्यांनी तीन पूल बांधले आहेत. त्यांनी वाकून तोंडाचं निरीक्षण केलं आणि सांगितलं, ही झडप वाटेत येते. दोरीने वर बांधा, म्हणजे गवत लांब जाईल आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या पार पलीकडे पडेल. मला विचारायचं होतं, की पलीकडे म्हणजे कुणावर? पण पूल बांधलेल्या माणसाला काय विचारणार. मी झडप बांधली. दहा पावलांत तोंडातून एक खडा सुटला आणि पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराची काच फुटली. सुदैवाने आत कोणी नव्हतं. स्वयंपाकघर इंजिनियरांचंच होतं. त्यांनी कोन मोजला आणि गणित बरोबर होतं असं जाहीर केलं. मी दोरी कापून फेकून दिली. ती झडप कंपनीने उगाच लावलेली नाही, एवढी अक्कल मला एका काचेत आली.

काचेनंतर खास सभा बोलावली गेली. गवत कोणत्या दिशेला पडावं यावर आमची वसाहत पावणेदोन तास बोलली. बाहेर पडू द्या म्हणणारे बहुतेक वरच्या मजल्यावरचे होते. आत पाडा म्हणणारे तळमजल्यावरचे आणि गाड्यांचे मालक. मतदान झालं, आतवाले जिंकले. ठराव असा, की 'गवत कापण्याचे यंत्र सर्वकाळ उजवीकडे वळत फिरवावे, जेणेकरून गवत मैदानाच्या आतील बाजूस पडेल'. 'सर्वकाळ' हा शब्द वकीलबाईंनी घालायला लावला. माझं अक्षर चांगलं म्हणून ठराव वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते घरी जेवणाच्या टेबलावर बसून मन लावून केलं. ही समोर बसून शेंगा सोलत होती. तिने वही स्वतःकडे फिरवून वाचली आणि विचारलं, "सर्वकाळ?" मी म्हणालो, सर्वकाळ.

आता उजवीकडे वळत राहिलं की काय होतं ते ऐका. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम होतात. कपडे कोरडे, गाड्या स्वच्छ, लोक खुश. पण ते आत पडलेलं गवत पडतं न कापलेल्या उभ्या गवतावर. पुढच्या फेरीत यंत्राला उभंही कापावं लागतं आणि पडलेलंही गिळावं लागतं, आणि ते सगळं पुन्हा आत फेकावं लागतं. प्रत्येक फेरीला ओझं वाढतं. पाचव्या फेरीला तोंड गच्च बसतं आणि इंजिन आचके देऊन बंद पडतं. मग किल्ली काढायची, पाती थांबेपर्यंत वाट बघायची, खाली उतरून काठीने तोंडातलं गवत कोरायचं, पुन्हा चढायचं. त्यात खुर्चीची एक खोड होती. पाती फिरत असताना बसणारा जरा उठला, की इंजिन बंद. सुरक्षेसाठी असते म्हणे. आजोबांना नमस्कार करायला मी एकदा अर्धवट उठलो तर तेवढ्यानेही ते बंद पडलं.

एका दिवसात चौदा वेळा तोंड कोरल्याचं मला आठवतं. बघायला लोक जमायचे. मैदानाच्या मधोमध ओल्या गवताचा एक उंच वरंबा तयार झाला, त्याला वास यायला लागला, आणि त्याच्या पलीकडचं गवत अजून गुडघाभरच होतं. मेहुण्याला फोन केला तर तो म्हणाला, भाऊजी, यंत्र चांगलं आहे, तुम्ही त्याच्याशी नीट वागत नसाल.

ही हे सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत होती. वरून सगळं मैदान दिसतं, फेऱ्यांचे पट्टे दिसतात, वरंबा दिसतो. एकदा जेवताना ती म्हणाली, आता उलट फिरवून बघा ना. मी म्हणालो, ठराव झालाय. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच म्हणाली आणि मी पुन्हा तेच म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण खरं ते सांगतो. त्या दिवसांत मी सगळ्या वसाहतीचं ऐकलं, ज्याने स्वतःचीच काच फोडून घेतली त्याचंही ऐकलं, फक्त हिचं ऐकलं नाही. चार महिने खुर्चीत बसलेल्या बाईला यंत्रातलं काय कळणार, असं मला आत कुठेतरी वाटत असणार. आम्ही माणसं शहाणी असतो ती बहुतेक घराबाहेर.

मुदतीच्या तेराव्या दिवशी संध्याकाळी मी वर आलो तेव्हा हाताला फोड आले होते आणि पाठ धरली होती. हिने तिसऱ्यांदा विचारलं, उलट का नाही फिरवत. माझा तोल गेला. मी म्हणालो, "हे सगळं मी कुणासाठी करतोय? तुला उतरायचंच नसेल तर तसं सांग. मी फरश्या बसवू देतो."

ती उठली. ताट उचलून आत गेली, भिंतीला हात लावत लावत. मी बसून राहिलो. दिवसभर माझ्या आत जे काही कापलं गेलं होतं, ते मी नेमकं तिच्या अंगावर टाकलं होतं, आणि कचेरीतही मी हेच करत आलो होतो. साहेब मला बोलायचे, मी मुकाट्याने बाहेर पडायचो आणि घरी येऊन भाजीला नाव ठेवायचो. चौतीस वर्षांत साहेबाला कधी उलट बोललो नाही याचा मला अभिमान होता. ते सगळं कुठे जाऊन पडत होतं, ते मी कधी वळून पाहिलं नव्हतं. माफी मागावी असं खूप वाटलं. पण आमच्या पिढीला माफी मागायची सवय नाही; मी जाऊन तिच्या पाण्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवलं.

चौदाव्या दिवशी, म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी, अध्यक्ष फरशीवाल्याला घेऊन आले. मी यंत्रावर असतानाच दोघांनी माप घ्यायला सुरुवात केली. फरशीवाला टेपचं एक टोक दगडाखाली दाबायचा आणि दुसरं घेऊन चालत माझ्यासमोरून जायचा. मध्येच थांबून त्याने मला विचारलंही, की तुम्ही जरा बाजूला घेता का. मी बाजूला घेतलं. तेवढ्यात तोंड पुन्हा गच्च होऊ लागलं, इंजिन घरघरायला लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की लोक माझ्याकडे बघत नाहीत. बघायला जमलेले सगळे माझ्या मागे बघत होते.

मी वळलो. इमारतीच्या दारात ही उभी होती. घरातली साडी, हातात काठी, बरोबर कोणी नाही. दोन मजले ती एकटी उतरली होती. तिच्यासमोर तोच फरश्यांचा पट्टा होता, अकरा फरश्या रुंद; मी तो नंतर मोजला. मी धावायला म्हणून उठलो आणि उठल्याबरोबर इंजिन बंद पडलं. सगळीकडे एकदम शांत झालं.

"उठू नका," ती म्हणाली. "बसा तिथेच."

मी बसलो. एकेका फरशीवर ती आधी काठी टेकवायची, मग चांगला पाय, मग तो पाय. चौथ्या फरशीवर ती थांबली. तिचा श्वास मला तिथून दिसत होता. इंजिनियर पुढे व्हायला लागले, वकीलबाईंनी त्यांची बाही धरली. फरशीवाल्याने टेप हातातच गुंडाळून घेतला होता. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं, की हाताचे फोड फुटले. ती पुन्हा निघाली. अकरावी फरशी संपली, ती कापलेल्या गवतावर आली आणि कुठेही न थांबता सरळ माझ्यापर्यंत चालत आली. चपलांना गवत चिकटलं होतं.

"फरश्या बसवू देतो म्हणालात ना," ती हळू आवाजात म्हणाली, फक्त मला ऐकू जाईल इतक्या. "त्यांच्यावरूनच आलेय."

मग ती मोठ्याने बोलू लागली. "केर कसा काढतात माहीत आहे का? आधी भिंतीकडून आत ओढायचा. भिंतीकडचं झालं, की वळायचं आणि दाराकडे लोटायचा. जन्मभर आतच ओढत बसलं तर मधे ढीग होणार नाही तर काय होणार? भिंतीकडच्या फेऱ्या कधीच झाल्यात. आता वळा, आणि डावीकडे फिरा. गवत कापलेल्या जागेवर पडेल."

अध्यक्ष पुढे आले. ते म्हणाले, वहिनी, पण ठरावात सर्वकाळ असं आहे. ही म्हणाली, "ठराव मी वाचलाय, आमच्याच टेबलावर लिहिला. तुमची गाडी इथून वीस पावलांवर आहे. आता गवत तिथपर्यंत पोचतंय का, एवढं सांगा." अध्यक्षांनी गाडीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाई म्हणाल्या, मुळात तो शब्द घाईत घातला गेला. आणि घरातून खुर्ची आणायला गेल्या.

पुढचं काम साधं होतं. आधी तो वरंबा दाताळ्याने ओढून पातळ पसरला. त्यासाठी इंजिनियर आणि फरशीवाला दोघंही राबले. मी तोंड कोरलं, यंत्र वळवलं आणि डावीकडे फिरायला लागलो. खरोखर सांगतो, त्यानंतर ते एकदाही अडलं नाही. गवत तोंडातून निघायचं आणि नुकत्याच कापलेल्या जागेवर एकसारखं पसरून पडायचं, कुणाच्या अंगावर नाही, कुणाच्या वाटेत नाही. ही पार लांब, कापलेल्या गवताच्या कडेला खुर्चीवर बसली होती आणि प्रत्येक फेरीला कुठे पट्टा राहिला ते काठीने दाखवत होती. चार वाजता सगळं मैदान कापून झालं. फरशीवाला जाताना म्हणाला, बागेचं काम चांगलं झालंय. माप घेतलेला कागद त्याने खिशातच ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या सभेत फरश्यांचा विषय अध्यक्षांनी स्वतःच पुढे ढकलला, तो अजून पुढेच आहे.

वर येताना ही प्रत्येक पायरीवर थांबत होती. मी एक पायरी खाली, मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी म्हणालो, काल मी जे बोललो ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, "मला उतरायचं नव्हतंच. तुमचा तो ढीग बघवेना." आणि पुढची पायरी चढली.

त्यानंतर ती रोज सकाळी उतरते. काठी घेऊन जाते, पण बऱ्याचदा ती खुर्चीला टेकवून ठेवते आणि तशीच फिरते, डावीकडे वळत, म्हणजे ठरावाच्या विरुद्ध. तो रद्द करायचं कुणालाच सुचलेलं नाही. मी गॅलरीत उभा राहतो. पहिले काही दिवस वरून सूचना द्यायचो, जरा हळू, कडेने नको. ती वर बघतच नाही. मग मी सूचना सोडल्या आणि झाडू हातात घेतला. आधी भिंतीकडून आत, मग वळून दाराकडे. वाटतं तेवढं सोपं नाही ते.

परवा ती वर आली, चपला दाराबाहेर झटकून आत शिरली, आणि मी केर काढून घामेजून उभा होतो त्या खोलीवरून तिने एकदा नजर फिरवली.

"कोपरे राहिलेत," म्हणाली.